इंजिनाचा रंग का उडाला?

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की प्रत्येक घराच्या माळ्यावरून एखादी तरी अशी वस्तू खाली येते, जी टाकवतही नाही आणि मांडवतही नाही. आजीचा पिंजरा, काकांची सायकल, कुणाची पत्र्याची पेटी. मग घरातला उत्साही माणूस फाटकाला रंग देऊन उरलेला डबा शोधतो, कडक झालेला कुंचला रॉकेलमध्ये भिजवतो आणि एका संध्याकाळी त्या वस्तूचे सोने करून टाकतो. चार दिवस सगळे वाहवा करतात. संक्रांत येईपर्यंत सोन्याचे पोपडे झालेले असतात.

हा उत्साही माणूस म्हणजे अस्मादिकच. तेव्हा या वेळी सदरात जे सांगणार आहे ते शहाण्याचे बोल नव्हेत. फजितीतून मिळालेली शिकवण आहे.

माझी सासुरवाडी टेंभुर्णीची. पुण्याहून सोलापूरला जाताना उजनी धरण मागे टाकले की हे गाव लागते. माझे सासरे कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते. कुर्डुवाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचे माहेरघर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची ही चिमुकली रेल्वे उभी केली. १८९७ साली ती बार्शीपर्यंत धावली, १९०६ साली पंढरपूरला पोहोचली आणि १९२७ साली मिरजेला. किती वारकऱ्यांनी तिच्या डब्यांतून विठोबा गाठला असेल त्याची गणती नाही! १९५४ साली ती सरकारने घेतली आणि २००० नंतरच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे रूळ रुंद झाले. त्या छोट्या गाडीची शिट्टी आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच ऐकू येते.

सासऱ्यांनी माझे मेहुणे पाच-सहा वर्षांचे असताना त्यांच्यासाठी या गाडीचे एक हातभर लांब इंजिन बनवले होते. बॉयलर दुधाच्या पावडरच्या डब्याचा, बैठक आणि छप्पर जुन्या बादलीच्या पत्र्याचे, वरचा घुमट पितळेचा. मागच्या खोपटावर स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात काढलेली ‘बी. एल. आर.’ ही अक्षरे आणि खाली क्रमांक. सासरे गेले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांच्या हातचे असे ते एवढेच उरले आहे.

दोन दिवाळ्यांपूर्वी हे इंजिन माळ्यावरून खाली आले. छप्पर गंजून चाळण झाली होती. मेहुण्यांना नुकताच नातू झालेला. ते म्हणाले, “दाजी, तुम्ही मासिकांतून असलं काहीबाही लिहिता. पोरगं चालायला लागेपर्यंत एवढं इंजिन नीट करून द्या की.”

असे कुणी म्हटल्यावर जावयाने मागे हटायचे कसे? बाजारातून नवा कोरा पत्रा आणला, छप्पर कापले, डाग देऊन बसवले आणि लगोलग फाटकाचा हिरवा ऑइलपेंट सगळ्या अंगाला फासला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी इंजिन दिव्यांत असे झळकत होते की शेजारची मंडळी पाहायला आली. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “अहो, आधी घासायला नको होतं का?” मी ऐकले न ऐकले असे केले.

संक्रांतीला मेहुण्यांचा फोन आला. तिळगुळाचे गोड बोलून झाल्यावर म्हणाले, “दाजी, इंजिनानं कात टाकली बघा.”

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर लगेच मी टेंभुर्णीला गेलो. ते दिवस साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाच्या तयारीचे. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि या मुलखात ऊस वाढत गेला. हंगामाच्या तोंडावर उसाच्या ट्रॉल्या रंगवायला हमरस्त्याच्या कडेला रांगेने लागतात. तिथे एक जुने पेंटर ट्रॉलीच्या फळीवर मोराची नक्षी काढत होते. इंजिन पिशवीतून काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी आधी नखाने टोकरून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“पाव्हणं, ह्यो रंग तुमी मारला व्हय?”

“हो.”

“तरीच. एकाच वस्तूत चार चुका केल्या. चांगलं झालं, एकदम शिकायला मिळंल.”

त्या चार चुका आता ऐका. धातूच्या कोणत्याही वस्तूचा रंग उडतो तो बहुधा यांपैकीच एखाद्या कारणाने.

छपरावरचा रंग केळीच्या सालीसारखा अखंड निघून आला होता. कारण पत्रा जस्ताचा, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा दिलेला. ऑइलपेंटमधले तेलाचे अंश जस्ताशी संयोग पावतात आणि दोहोंच्या मध्ये साबणासारखा निसरडा थर तयार होतो. साबणावर काही चिकटेल का? रंग वरून धडधाकट दिसतो, पण खाली त्याचे पाय सुटलेले असतात. नव्या चकचकीत पत्र्यावर हे हटकून होते. सासऱ्यांनी जुन्या बादलीचा पत्रा घेतला होता. त्यावरचे जस्त वर्षानुवर्षे पाणी आणि हवा खाऊन मळकट झालेले, म्हणून त्यांचा रंग टिकला.

दुसरी चूक डाग दिला तिथली. सांध्याभोवती रंगाला फोड आले होते आणि फोडांतून तांबडे पाणी झिरपले होते. डाग देताना आपण नवसागर किंवा आम्लाचे पाणी लावतो. ते धुऊन काढले नाही तर रंगाखाली बसून धातू खात राहते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने सांधा घासायचा, मग साध्या पाण्याने दोनदा धुवायचा, एवढेच काम; तेवढेच मी केले नव्हते.

तिसरी चूक बॉयलरवरची. तिथे सासऱ्यांचा जुना रंग शाबूत होता. त्याच्या गुळगुळीत अंगावर मी नवा रंग चढवला. घासून खरखर आणल्याशिवाय रंगावर रंग धरत नाही. टकटक लागली की टवके जातात.

आणि चौथी पितळी घुमटाची. पितळ आणि ॲल्युमिनियम हे दोघे रंगाला दाद न देणारे. त्यांना साधे अस्तरही नीट चिकटत नाही. त्यांच्यासाठी वॉश प्रायमर नावाचे एक पातळ अस्तर मिळते. त्यात थोडे फॉस्फोरिक आम्ल असते. ते धातूचा वरचा थर किंचित खाऊन त्यात रुतून बसते आणि पुढच्या थरांना आधार देते. जस्ताच्या पत्र्यालाही हाच इलाज.

“ट्रॉलीला एवढं करता?” मी विचारले.

“ट्रॉलीचं लोखंड काळं. त्येला गंज काढून रेड ऑक्साइड मारलं की झालं. तुमचं इंजिन म्हंजी तीन जातीचं लगीन हाय, पाव्हणं.”

मी त्यांच्याकडे ट्रॉलीचा पिवळाधमक रंग थोडा मागितला. इंजिनाच्या चाकांना तो खुलून दिसला असता. आणि इथेच खरा प्रश्न उभा राहिला. पेंटरनी विचारले, “ल्हान पोराला द्यायचं हाय का?” मी हो म्हणताच त्यांनी डब्याचे झाकण परत दाबून बसवले.

कारण शिशाचे आहे. पूर्वीच्या रंगांत शिसे सर्रास असे. लोखंडाच्या पुलांना गंजू नये म्हणून जे तांबडे अस्तर देत तो शेंदूरच, म्हणजे शिशाचा ऑक्साइड. झगझगीत पिवळ्या आणि नारिंगी रंगांतही शिसे असे. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. त्याचे अमुक इतके प्रमाण निर्धोक, असे आजचे वैद्यकशास्त्र मानत नाही. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांस ९० भागांहून अधिक शिसे असू नये असा नियम लागू आहे. मात्र हा नियम घरगुती रंगांचा. गाड्या आणि यंत्रे यांच्यासाठी विकल्या जाणाऱ्या कारखानी रंगांना तो लागू नाही. म्हणून मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूला गॅरेजमधला उरलासुरला रंग कधी लावू नये. घरगुती रंग घ्यावा आणि डब्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे ते वाचून घ्यावा.

पण नव्या रंगाचे ठीक, जुन्याचे काय? सासऱ्यांनी लावलेला रंग त्या काळचा. त्यात शिसे असणार हे धरूनच चालायला हवे. नातू तेव्हा दीड वर्षाचा. हातात येईल ते तोंडात घालण्याचे वय. गेल्या खेपेला मी जुना रंग कोरडा घासला असता तर ती विषारी धूळ ओटाभर पसरली असती. माझा आळस त्या दिवशी घराच्या कामी आला म्हणायचा!

रात्री जेवणे झाल्यावर इंजिन मधोमध ठेवून चर्चा झाली. जुना रंग पुरता काढायचा म्हणजे खोपटावरची सासऱ्यांच्या हातची अक्षरेही जाणार. मेहुणे काही बोलेनात. शेवटी म्हणाले, “राहू दे तसंच. काचेच्या कपाटात ठेवू. बाबांचं अक्षर मी पुसू देणार नाही.”

वहिनी म्हणाल्या, “मामंजींनी ते खेळायला केलं होतं. कपाटात ठेवायचं असतं तर त्याला चाकं कशाला लावली असती?”

दोघांचेही खरे होते. माझ्या सौभाग्यवती इंजिन उलटेपालटे करून पाहत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “दादा, हे खोपट डाग दिलेलं नाही. खाली दोन स्क्रू आहेत बघ.” कारखान्यातला माणूस! दुरुस्तीला सोपे जावे म्हणून त्यांनी खोपट सुटे केले होते. मेहुण्यांनी स्वतः ते दोन स्क्रू काढले. खोपट काचेच्या कपाटात गेले, आहे त्या रंगासह, मुलाच्या हातापासून दूर. आणि त्याच मापाचे नवे खोपट कापायचे ठरले. अक्षरे ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतली.

मग कामाला लागलो. वाचकांनी आपापल्या वस्तूसाठी हाच क्रम धरावा.

पहिले काम जुना रंग काढण्याचे. कोरडे घासायचे नाही आणि दिव्याच्या ज्योतीने जाळायचे तर मुळीच नाही. त्याने शिशाची वाफ होते. आम्ही उघड्या अंगणात, जाड रबरी हातमोजे घालून, रंग काढायचे औषध लावले. रंग मऊ झाल्यावर लाकडी पट्टीने ओलाच खरवडून वर्तमानपत्रावर घेतला. मुलाला त्या दिवशी वहिनींच्या माहेरी पाठवले होते. घरात गरोदर बाई असेल तर तिनेही लांब राहावे. निघालेला चिखल पिशवीत बांधून घातक कचरा म्हणून वेगळा दिला. तो परसात पुरू नये की चुलीत घालू नये. तुमच्या वस्तूवर जुना रंग नसून नुसता गंज असेल तर तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर पुरे. पण गंज मुळापासून निघाला पाहिजे. गंजावर रंग म्हणजे वाळवीवर गालिचा.

दुसरे काम धुण्याचे, आणि हेच सगळ्यांत महत्त्वाचे. वस्तू बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून सर्वत्र सारखी खरखर आणायची. मग भांड्यांच्या साबणाने धुवायची, साबण पुरता निघेपर्यंत पाणी घालायचे आणि उन्हात खणखणीत वाळवायची. पुष्कळ जण रॉकेलने पुसून लगेच रंग लावतात. पण रॉकेल मागे तेलकट अंश ठेवते, त्यामुळे त्यानंतर साबण हवाच. ॲल्युमिनियमच्या वस्तूला धुण्याचा सोडा लावू नये, ते काळे पडते. वाळल्यावर थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने एकदा पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी शिवू नका. बोटांचा घामही तेलच आहे.

तिसरे काम अस्तराचे. जस्त आणि पितळ यांना वॉश प्रायमरचा अगदी विरळ हात. तो धातू झाकण्यासाठी नसून धरण्यासाठी असतो. काही जुन्या धर्तीच्या प्रायमरमध्ये क्रोमेट असते, ते फुप्फुसाला घातक. दुकानात विचारून क्रोमेट नसलेलाच घ्यावा. हे काम मोठ्या माणसाने उघड्यावर, रसायनांसाठीचा मास्क लावून करायचे. त्यावर त्याच कंपनीने सांगितलेला राखाडी प्रायमर. साध्या लोखंडाला मात्र रेड ऑक्साइड पुरते. रंग तांबडा असला तरी हा शेंदूर नव्हे, हा लोखंडाचाच ऑक्साइड. खड्डे असतील तर प्रायमर वाळल्यावर लांबी भरा, घासा आणि तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर द्या. पत्र्याच्या कापलेल्या कडांना एक हात जास्त. गंज तिथूनच शिरतो.

चौथे काम रंगाचे. इथे घाई घात करते. ऑइलपेंट पाण्यासारखा नुसता सुकत नाही. तो हवेतला प्राणवायू घेऊन कडक होतो. जाड थर दिला की वर साय धरते, खाली रंग ओलाच राहतो आणि मग सुरकुत्या पडतात. म्हणून एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर निदान एक रात्र थांबावे, मग बारीक पॉलिश पेपरने हलके घासून, पुसून पुढचा हात. आमच्या ओट्यावर हमरस्त्याची धूळ येते, म्हणून आम्ही इंजिन दोरीला टांगले आणि वर खोक्याचे छप्पर केले. जमिनीवर आधी पाणी शिंपडून घेतले म्हणजे धूळ बसते.

पेंटरनी एक ताकीद दिली होती. ऑइलपेंटवर एनसीचा रंग किंवा एनसी थिनर कधी घालायचा नाही. ते थिनर फार जहाल. खालचा रंग उचलून कातडीसारखा गोळा करते. फवाऱ्याचा डबा आणला तर तो कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहा. आणि पावसाळी दमट हवेत फवारा मारू नका, त्यावर पांढुरकी झाक येते.

पाचवे काम धीर धरण्याचे. रंग एका रात्रीत वाळल्यासारखा दिसतो, पण आतपर्यंत कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर वस्तू खेळायला, वापरायला देऊ नये. लवकर व्हावे म्हणून ती स्वयंपाकाच्या भट्टीत ठेवणे हा तर शुद्ध वेडेपणा; थिनरची वाफ पेट घेते आणि भट्टीही अन्न शिजवण्याच्या लायकीची राहत नाही.

“मग सायकलीचा आणि पंख्याचा रंग इतका कठीण कसा?” असे कुणी विचारील. तो कारखान्यात भाजलेला असतो. हल्ली ग्रिलवाल्यांकडे पावडर कोटिंग करून मिळते. विजेच्या भाराने रंगाची पूड वस्तूला चिकटवतात आणि सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात. सायकलीची चौकट, कुंडीचा स्टँड, व्यायामाची वजने यांना हा उत्तम उपाय. पण डाग दिलेली वस्तू तिथे चुकूनही देऊ नका. शिसे-कथलाचा नेहमीचा डाग १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो. भट्टीत गेलेल्या इंजिनाचे बाहेर येताना सुटे भाग झाले असते!

रंग बसला की नाही हे पाहायची युक्तीही सांगतो. त्याच पत्र्याच्या तुकड्यावर त्याच क्रमाने रंग द्यावा. पुरता कडक झाल्यावर ब्लेडने उभ्याआडव्या रेघा मारून बारीक चौकडी करावी, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. चौकोन पट्टीबरोबर आले तर काम फसले. आमच्या तुकड्यावरचा एकही चौकोन हलला नाही. मी तो पेंटरना नेऊन दाखवला. त्यांनी नखाने टोकरले आणि म्हणाले, “आता ट्रॉली रंगवायला या.”

शेवटी नव्या खोपटावर अक्षरे काढायची होती. पेंटरनी काढून दिली असती. पण मेहुण्यांनी कुंचला घेतला. ट्रेसिंग कागदावरून रेघ उतरवली आणि वडिलांचे अक्षर गिरवायला बसले. त्यांचा हात थरथरत होता. ‘आर’चा पाय जरा वाकडा आला. पुसून पुन्हा काढा असे कुणीच म्हटले नाही.

आज त्याला वर्ष होत आले. नातू आता अडीच वर्षांचा. इंजिनाला दोरी बांधून ते अंगणभर ओढतो, पायरीवरून खाली आणतो. एकदा हौदातही घातले होते. गेल्या महिन्यात मी भिंग घेऊन पाहिले. चाकांच्या कडेला दोन टवके आहेत. तेवढ्याच जागी घासून, प्रायमर देऊन रंग लावला. छपरावर, सांध्यांवर आणि घुमटावर ओरखडे आहेत, पण पोपडा एकही नाही.

यंदा सौभाग्यवतींनी आमच्याच माळ्यावरून आजीचा पिंजरा खाली काढला आहे. फाटकाच्या रंगाचा डबा मात्र त्यांनी आधीच कुलपात ठेवला. “आधी घासा,” म्हणाल्या, “किल्ली नंतर मागा.”